पटाकडे पाठ करून

शंकरपटाला हजारो माणसं जमत आणि त्यांतला एकच माणूस पटाकडे पाठ करून बसे. ते आमचे मालक.

शंकरपट म्हणजे आमच्या भंडारा जिल्ह्यातली बैलजोड्यांची शर्यत. धान निघून भाताच्या बांध्या मोकळ्या झाल्या की गावोगाव पट भरतात. हलका छकडा, त्यावर जीव मुठीत धरून बसलेला धुरकरी, आणि पापणी लवायच्या आत संपणारा सगळा प्रकार. तेवढ्यासाठी माणसं दिवसभर उन्हात उभी असत. झेंडी पडली की सगळ्यांच्या माना एकदम वळत. मालकांची खुर्ची मात्र उलटी मांडलेली असे. पाठीमागून त्यांचीच जोडी धुरळा उडवत जाई आणि ते शांतपणे गर्दीकडे पाहत राहत.

पहिल्या वर्षी मी न राहवून विचारलं, ‘आपलीच जोडी धावते आहे आणि आपण पाहत नाही?’

‘बैल काय पाहायचा, गुरुजी?’ ते म्हणाले. ‘बैल रोज घरी दिसतो. आपला बैल जिंकतो तेव्हा लोकांची तोंडं कशी होतात, ते घरी दिसत नाही.’

मला तो विनोद वाटला होता. ते त्यांचं सगळं तत्त्वज्ञान होतं.

साकोलीपासून आत असलेल्या त्या गावात मी सत्तरच्या सुमारास शाळेत मास्तर म्हणून गेलो आणि मालकांच्या घराची बाहेरची खोली मला मिळाली. भाडं घ्यायला त्यांनी नकार दिला. भाडं घेणं म्हणजे दुकानदारी. त्याऐवजी मी रोज सकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, असं ठरलं. वाचता त्यांना उत्तम येत होतं, पण स्वतः वाचणं हे कारकुनाचं काम, असं त्यांचं मत होतं. नागपूरचं वर्तमानपत्र एसटीनं दुसऱ्या दिवशी पोचे. त्यातल्या दोनच प्रकारच्या बातम्या त्यांना लागत: मोठी माणसं मेल्याच्या आणि अधिकाऱ्यांच्या बदल्यांच्या. बाकी काही आलं की ते हात हलवून ‘पुढं’ म्हणत. बांगलादेश स्वतंत्र झाल्याची बातमी मी अशीच ओलांडली.

मालगुजारी, म्हणजे इंग्रजांच्या वेळेपासूनची गावाची जमीनदारी, जाऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. ती गेल्याची बातमी मालकांना कळली होती, पटली नव्हती. तलाव सरकारजमा झाला, जंगल गेलं, उरली थोडी शेती आणि गावानं सवयीनं चालू ठेवलेलं ‘मालक’ हे संबोधन. या सगळ्याचा सूड त्यांनी गोठ्यात उगवला होता. गोठ्यातल्या प्रत्येक जनावराला सरकारी हुद्दा होता. ‘तहसीलदाराचं शेण उचला’, ‘पटवाऱ्याचं पोट फुगलं, त्याला हिरवं टाकू नका’, ‘नायब तहसीलदार लाथा झाडतो, त्याचे पाय बांधा’, असे हुकूम रोज सकाळी ओसरीवरून सुटत. खरा पटवारी समोर बसलेला असला की आवाज आणखी चढे. गोठ्यातला सर्वांत देखणा बैल, ज्याच्या जिवावर मालकांचं नाव बालाघाटपर्यंत पोचलं होतं, तो अर्थातच कलेक्टर.

एरवी ते छापील मराठी बोलत आणि स्वतःला ‘आम्ही’ म्हणत. राग आला किंवा घाबरले की गावच्या बोलीत उतरत. खरं काय ते त्यांच्या तोंडून तेवढ्याच वेळी ऐकायला मिळे.

त्यांची एक वेताची, लांब हातांची खुर्ची होती. ते जिथं जात तिथं ती जाई. दुसऱ्याच्या घरची खुर्ची कशी असेल याचा भरवसा नाही, म्हणून. एकदा तहसीलीत काम निघालं तर खुर्ची एसटीच्या टपावर चढली. कंडक्टरनं तिचं सामानाचं तिकीट फाडलं तेव्हा मालक त्याला म्हणाले, ‘पूर्ण तिकीट फाड. ही अर्ध्या तिकिटाची खुर्ची नाही.’ तहसीलदाराच्या दालनात स्वतःच्या खुर्चीवर बसलेला अर्जदार त्या कचेरीनं त्याआधी पाहिला नसेल. काम झालं नाही. मालक मात्र खूष होऊन परतले. तहसीलदाराचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं म्हणे.

ती खुर्ची डोक्यावर वाहून नेणारा माणूस म्हणजे डोमा. मालकांचा धुरकरी. लहानपणापासून त्याच घरी वाढलेला, काटकुळा, तोंडात सदा काडी. कलेक्टर त्याच्याशिवाय कोणालाही वेसणीला हात लावू देत नसे. अनोळखी माणूस जवळ आला तर असा हंबरडा फोडी की अर्धं गाव जागं होई. डोमा मात्र त्याच्या पोटाखाली झोपे. पटाच्या दिवशी तो बैलाशी घरच्या माणसाशी भांडावं तसा भांडे. ‘चाल नं बे! का आहेर घेऊन लगनाले चालला? पाय उचल!’ छकड्यावर बसला की हा काडीएवढा माणूस ओरडतो काय, उडतो काय, आणि दोन बैल त्याच्या पुढं वाऱ्यासारखे जातात काय! मी तरी तोंडं सोडून बैलच पाहत असे.

मालकांनी स्वतः कलेक्टरच्या पाठीवर हात ठेवलेला कधी कोणी पाहिला नाही. ‘आम्ही कासरा धरत नाही,’ ते म्हणत, ‘आम्ही जिंकतो.’ आणखी एक वाक्य त्यांच्या तोंडी नेहमी असे: ‘आमच्या घरची वस्तू हरत नाही.’ ते बैलाबद्दल म्हणत, घड्याळाबद्दल म्हणत, कोर्टातल्या दाव्याबद्दलही म्हणत. दावे बहुतेक सगळे हरले होते. पण ते हरले असं म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती. ते ‘चालू’ असत.

आणीबाणी उठली त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या गावच्या पटाला त्या वर्षी मंत्री येणार असं ठरलं आणि मालक महिनाभर आधीपासून नवा फेटा बांधून बसू लागले. त्याआधी शेजारच्या गावच्या पटात त्यांची जोडी जिंकली होती, पण केसभराच्या अंतरानं. साकोलीच्या एका धानगिरणीवाल्याची नवी, कोवळी जोडी दुसरी आली.  दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र चालू असताना मालक मधेच म्हणाले, ‘टाळ्या आपल्याला वाजवत होते, गुरुजी. तोंडं तिकडं होती.’

डोमा ओसरीच्या पायरीशी बसला होता. तो म्हणाला, ‘मालक, कलेक्टर थकला जी. मांगचा पाय जड पडते त्याचा. यंदा राहू द्या. एक साल बसू द्या त्याले.’

‘कलेक्टर थकत नसतो,’ मालक म्हणाले. ‘फार तर त्याची बदली होते.’

मी हसलो. डोमा हसला नाही.

पटाच्या आधी काही दिवस कलेक्टरला तलावाकाठच्या शेतावर, झोपडीशेजारी ठेवत. तिथं त्याला शांतता मिळे. पट दोन दिवसांवर आला तेव्हा मालकांनी डोमाला भंडाऱ्याला पाठवलं. मंत्र्यांसमोर बैलाच्या गळ्यात नवी पितळी घुंगरमाळ हवी होती आणि ती भंडाऱ्याच्याच दुकानातली हवी होती. दुकानदारानं माळ ओवून द्यायला उशीर केला, शेवटची एसटी चुकली, डोमा स्टँडवर झोपला. सकाळच्या पहिल्या गाडीनं तो खांद्यावर पोतं टाकून, प्रत्येक पावलाला खुळखुळत गावात शिरला, तेव्हा गाव तलावाकाठी जमलं होतं. कलेक्टर चोरीला गेला होता.

साकोलीहून फौजदार आले. मालक खुर्ची मांडून झोपडीसमोर बसले होते. तक्रार लिहिताना हवालदारानं ‘कलेक्टर’ हा शब्द लिहायला नकार दिला आणि ‘भुरा बैल, नग एक’ असं लिहिलं. मालक त्यावरून त्याच्याशी बराच वेळ भांडले. घरात चोरी झालेला माणूस इतका नामकरणात कसा अडकतो, हे मला तेव्हाही चमत्कारिक वाटलं होतं.

फौजदारांचा तर्क सरळ होता. बैल हंबरला नाही, कोणी जागं झालं नाही. म्हणजे नेणारा हात ओळखीचा. ओळखीचा हात एकच.

‘रात्री कुठं होतास बे?’

‘भंडाऱ्याले, साहेब. मालकानंच धाडलं. घुंगरं आणाले.’

‘बैल नाही आणि घुंगरं आणतो?’

‘तवा होता नं जी बैल!’

हवालदार हसला. फौजदार मालकांकडे वळले. ‘तुम्ही पाठवलं होतं याला?’

मालकांनी त्या पोत्याकडे पाहिलं. ‘आम्ही पाठवलं होतं,’ ते म्हणाले. ‘मुक्काम कर, असं आम्ही म्हटलं नव्हतं.’

एवढंच. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. पण त्या वाक्यानं डोमाला उचलून पोलिसांच्या गाडीत बसवलं. त्याची बायको भागरता मालकांच्या पायाशी बसली. ‘मालक, तुमी सांगा नं त्याईले! तुमचं आयकतीन ते. हा बैलाले पोटच्या लेकरावानी पाहे. हा काहून चोरीन?’

‘कायद्याच्या कामात आम्ही ढवळाढवळ करत नाही,’ मालक म्हणाले. कायद्याबद्दल त्यांनी आदर दाखवल्याचं मी त्या एकाच दिवशी पाहिलं.

पट ठरल्याप्रमाणे झाला. मंत्री आले. मालकांच्या गळ्यात हार पडला आणि मंत्र्यांनी भाषणात सांगितलं की हा बैल एका घराचा नव्हता, साऱ्या जिल्ह्याचा होता. जिंकली गिरणीवाल्याची जोडी, पण तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. जो तो न धावलेल्या बैलाबद्दल बोलत होता. मालक नेहमीप्रमाणे पटाकडे पाठ करून बसले होते. इतकी समाधान देणारी तोंडं त्यांनी त्याआधी कधी पाहिली असतील, असं मला वाटत नाही. पुढं वर्तमानपत्रात चोरीची चार ओळींची बातमी आली. ती मी त्यांना महिनाभर रोज सकाळी वाचून दाखवली. कागद घडीवर फाटला तेव्हा त्यांनी तो डिंकानं चिकटवून घेतला.

डोमा परत आला तेव्हा त्याला उकिडवं बसता येत नव्हतं. पुरावा मिळाला नाही म्हणून सोडला, असं पोलिसांचं म्हणणं. गावाचं म्हणणं असं की सोडला म्हणजे काही केलं नाही असं थोडंच आहे. त्याच्या हातात कोणी आपल्या बैलाचा कासरा देईना. धुरकऱ्याच्या हातात कासरा नाही म्हणजे त्याला हातच नाहीत. पावसाळ्याच्या तोंडाला तो बायकोपोरीला घेऊन वरठीला गेला आणि तिथं माल चढवण्या-उतरवण्याच्या कामाला लागला.

मग पोळा आला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. हळद आणि तूप कोमट करून पळसाच्या पानानं खांद्याला लावायचं आणि बैलाला जेवणाचं आमंत्रण द्यायचं: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. या गावात त्याला आणखी एक जोड होती. बैल त्या दिवशी घरी नसला, कोणाकडे मागून नेलेला असला, दवाखान्यात असला, तर त्याच्या खुंट्याला हळद लावून खुंट्यालाच आवतन देत आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचं ताट त्या खुंट्यापुढं ठेवत. बैल मेला असला तर पोळ्याच्या आत खुंटा उपटून खड्डा बुजवायचा. मेलेल्याला आवतन देत नाहीत.

त्या संध्याकाळी गोठ्यात मालकांच्या पत्नी होत्या, ज्यांना सगळे बाई म्हणत. दोन गडी होते, शेजारपाजारची माणसं होती, मीही होतो. मालक दाराशी खुर्चीत. तहसीलदाराचे खांदे झाले, पटवाऱ्याचे झाले. बाई वाटी घेऊन कलेक्टरच्या रिकाम्या खुंट्यापाशी वाकल्या.

‘त्याले नको,’ मालक म्हणाले.

बाई वाकलेल्याच राहिल्या. ‘काहून? जनावर जित्तं आहे नं कोठंतरी? मांगच्या साली नायब माह्या भावाकडं गेलता, तं त्याच्या खुंट्याले देलं होतं आवतन.’

‘नको म्हटलं नं!’

‘पर काहून?’

‘अवो, बोलावलं तं येईन नं तो!’

मालक हे जवळजवळ ओरडून म्हणाले, आणि गावच्या बोलीत म्हणाले. गोठ्यातल्या सगळ्यांच्या माना त्यांच्याकडं वळल्या. चोरीला गेलेला बैल पोळ्याला घरी यावा, याहून दुसरी इच्छा मालकाच्या मनात काय असणार? तो येईल म्हणून घाबरायचं कारण एकच असू शकतं. या माणसानं फौजदाराला तोंड दिलं होतं, मंत्र्यांसमोर डोळे पुसले होते. मेलेल्या जनावराला जेवायला बोलवण्याचं धाडस मात्र त्याला झालं नाही.

बाईंनी वाटी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी, तोरण बांधायच्या आधी, त्यांनी गड्याकडून तो खुंटा उपटून घेतला आणि खड्डा स्वतः शेणानं सारवला. त्यांच्या हाती जे कोर्ट होतं त्यात त्यांनी साक्ष दिली. अख्ख्या गावानं येता-जाता ती सारवलेली जागा पाहिली. कोणी काही बोललं नाही. चोरीमुळं आमच्या पटाचं नाव झालं होतं. पुढच्या वर्षी तर आणखी मोठा मंत्री येणार होता.

दुपारी बाई पुरणपोळी घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच बोलल्या.

‘कोन्या वैदूनं ताकदीच्या गोळ्या देल्या होत्या, गुरुजी. डोमा असता तं त्यानं देऊ देल्या नसत्या, मनून त्याले भंडाऱ्याले धाडलं. याईनं आपल्या हातानं गुळात चारल्या. जनावरानं फेस काढला नं पडलं. मंग माह्या भावाले टॅक्टर घेऊन बोलावलं. जंगलात नेऊन पुरलं.’

‘बाई, हे फौजदारांना सांगाल?’

‘माहा भाऊ आहे नं त्यात,’ त्या म्हणाल्या. ‘तुमी जेवून घ्या. थंडी होऊन राहिली पोळी.’

मालकांच्या हातचा गूळ तो बैल खाईल, हे कोणाला सुचलंच नव्हतं. मालक हात लावत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं ना! आणि मेलेला बैल म्हणजे हरलेला बैल. चोरीला गेलेला बैल हरत नाही. तो ‘चालू’ राहतो.

मी साकोलीला जाऊन फौजदारांना भेटलो. बाईंचं नाव घेता येत नव्हतं, म्हणून फक्त गोठ्यातला प्रसंग सांगितला. त्यांनी चहा मागवला, शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘गुरुजी, बैलाला जेवायला बोलावलं नाही म्हणून मी मालकांवर गुन्हा नोंदवू? कलम तुम्हीच सांगा.’ मी मेलेल्या बैलाबद्दल बोललो. ‘हाडं दाखवा,’ ते म्हणाले. नागझिऱ्याच्या जंगलात हाडांना तोटा नव्हता. नावनिशी असलेली तेवढी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्तमानपत्र न उघडता मालकांसमोर बसलो. म्हटलं, ‘डोमाचं नाव मागं घ्या.’

‘आम्ही त्याचं नाव घेतलंच कुठं?’ ते म्हणाले. खरंच घेतलं नव्हतं. मग त्यांनी हात हलवला. ‘पुढं.’

त्या महिन्यात मी खोली सोडली आणि पुढच्या वर्षी माझी बदली झाली.

पुढची काही वर्षं मालकांबद्दल मी ऐकत राहिलो. चोरी दर वर्षी मोठी होत होती. सुरुवातीला दोन चोर होते, मग टोळी झाली. मग तिच्याजवळ जीप आली, आणि ऐंशीच्या पुढंमागं त्या जीपमागं कोण्या संस्थानिकाचा हात दिसू लागला. पाहुणे आले की मालक त्यांना तलावाकाठी नेत, चोर कुठून आले, कुठून गेले ते काठीनं दाखवत. घरचाच कोणी फितूर असल्याशिवाय हे शक्य नाही, असं शेवटी म्हणत आणि उसासा सोडत. मालगुजारीत त्यांना जो मान कधी मिळाला नव्हता तो या उसाशानं मिळवून दिला. मधल्या काळात बाई वारल्या.

डोमा मला एकदा वरठीच्या स्टेशनवर भेटला. सायकल धरून उभा होता. केस पिकले होते, तोंडात काडी तशीच. मी त्याला बाजूला घेऊन बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. तो खाली पाहत ऐकत होता.

‘मले ठाऊक आहे, गुरुजी,’ तो म्हणाला. ‘पयल्याच दिवशी समजलं. बैल जित्ता असता तं मालकानं त्याले पाहाले मले धाडलं असतं. पोलिसाले काहून बोलावलं असतं?’

‘मग बोलला का नाहीस?’

‘बोललो नं जी. ठाण्यात बोललो. मंग आणखी मारलं.’

त्याला बैलाचं दुःख होतं, पण ते जुनं झालं होतं. नवी काळजी पोरीची होती. लग्नाची झाली होती. दोन ठिकाणी जुळत आलेलं मोडलं. पाहुणे चांगले येत, पोरगी पसंत करत, मग गावात चौकशी करत आणि परत येत नसत. ‘बैलचोराची पोरगी मनतेत,’ तो म्हणाला. ‘मले काय मनाचं ते मना. तिनं तं बैल पाहिला बी नाई धड.’

एवढं बोलून त्यानं सायकलवर टांग टाकली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मालकांनी गावच्या चौकात कलेक्टरचा सिमेंटचा पुतळा उभारला. मूर्ती करणाऱ्यानं आयुष्यभर देवळांसाठी नंदीच केले होते, त्यामुळं कलेक्टर बसलेला निघाला, पांढराशुभ्र निघाला आणि त्याच्या चेहऱ्यावर भक्तिभाव होता. पटाच्या दिवशी आमदारांच्या हस्ते अनावरण ठरलं. मला माजी शिक्षक म्हणून निमंत्रण होतं. कुतूहलानं गेलो. कापड बाजूला होताच दोन म्हाताऱ्यांनी पुढं होऊन पुतळ्यावर बेल वाहिला.

मालक खूप थकले होते, पण माइकसमोर उभे राहिले. बैलाचं कुळ, त्याचे पट, ती रात्र, ती जीप, सगळं झालं. मग ते थांबले आणि मंडपाच्या टोकाकडे बोट करून म्हणाले, ‘डोमा, वर ये.’

डोमाला बोलावून घेतलं आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. तो धुतलेला सदरा घालून आला होता. वर चढला आणि हात जोडून उभा राहिला.

‘चूक माणसाच्याच हातून होते,’ मालक म्हणाले. ‘हा आमच्या घरी वाढला. आम्ही याला लेकरासारखं मानलं. आज या मंगल प्रसंगी, सर्व गावासमोर, आम्ही याला क्षमा करतो. आजपासून याला कोणी काही बोलायचं नाही.’

आमदारांनी उठून टाळ्या सुरू केल्या. मंडप उसळला. काही जणांनी डोळे पुसले. एका कार्यकर्त्यानं माइक डोमाच्या तोंडापुढं धरला. मी जागेवरून उठून उभा राहिलो. इतकी वर्षं या माणसाला कोणी एक वाक्य बोलू दिलं नव्हतं, आणि आता हजार माणसांसमोर माइक त्याच्या ओठांपाशी होता. मालकांनीही त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते गोठ्यात ओरडताना आलं होतं तेच होतं.

डोमानं काडी तोंडातून काढून खिशात ठेवली. ‘मालकाईची मेहेरबानी,’ तो म्हणाला आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

मी त्याला एसटीच्या थांब्यावर गाठलं. मला राग आला होता, त्याचाच. म्हटलं, ‘डोमा, तू काही केलं नाहीस आणि माफी घेतलीस! माइक तुझ्या तोंडापुढं होता.’

‘हो जी.’

‘मग?’

त्यानं रस्त्याकडं पाहिलं. गाडी अजून दिसत नव्हती. ‘पोरीले पाहाले आले होते ते पाहुणे तेथंच बसले होते, गुरुजी, तिसऱ्या रांगेत. मालकाचा माफीचा निरोप आला तवा मीच त्याईले बोलावलं होतं. मी खरं बोललो असतो तं मालक खोटे, का मी खोटा, यावर पाच साल गावात बोलनं चाललं असतं. पोरगी तवरिक घरीच.’ त्यानं खिशातली काडी काढून पुन्हा तोंडात धरली. ‘न्याय कोनी देऊन राहिलं नव्हतं. माफी देऊन राहिले होते. मंग तेच घेतलं.’

लग्न त्याच वैशाखात झालं, वरठीला. मालक भाड्याच्या गाडीतून आले आणि मांडवात सगळ्यांत पुढं बसले. नवरदेवाच्या बापानं व्याह्याला भेटायच्या आधी त्यांचे पाय धरले. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस आपण जन्मात पाहिला नाही, असं तो आजूबाजूच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. डोमा त्यांच्या मागं पाण्याचा जग घेऊन उभा होता. त्यानंही मान हलवली.